मिठाच्या मागे पाणी

मंगळवार, दिवेलागण. माहुल.

हिच्या सुजलेल्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच. भरून येईना.

डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलं होतं. तरी मी रोज पेजेत चिमूटभर टाकत होतो. उभा जन्म मासळी खारवली. मीठ लावलं की मासळी पाणी सोडते, एवढं मला कळतं. अंगातलं पाणीही तसंच सुटेल, असं हिलाही समजावलं होतं.

नात अकरावीला सायन्सला आहे. आज तिला सहज विचारलं. म्हणाली, "आजोबा, पेशीच्या पडद्यातून पाणी जातं, मीठ सहज जात नाही. जिथं मीठ जास्त, तिकडं पाणी धावतं. मासळीला तुम्ही बाहेरून लावता ना! खाल्लेलं मीठ अंगातच राहतं, पाणी धरून ठेवतं. काय हो, आजीला दिलंत की काय?"

"छे गं," म्हणालो. का म्हणालो? उद्या डॉक्टरांना तरी सांगायचं धाडस होईल का?

मघाशी पेज अळणीच दिली. एक घोट घेऊन ही म्हणाली, "अहो, आज मीठ विसरलात? मग सूज कशी उतरायची?"

पुन्हा अंगठा दाबला. खळगा तसाच.