नमुन्याचा धनी

कुडवा, गोंदिया
५ जुलै २००९

प्रिय प्रफुल्लदादा,

सविनय जयभीम. इकडे आई आणि मी, दोघी बऱ्या आहोत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. रायपूरचा पत्ता तुझ्यासोबत टँकर चालवणाऱ्या सुखरामभाऊंनी दिला, त्यांच्यावर चिडू नको. मीच मागे लागले होते.

दवनीवाड्याला मामाकडे भाताचा रोवणा सुरू झाला. आई आठ दिवस तिकडेच होती. कंबर धरली आहे, पण ऐकत नाही. तिनं बांधीत उभ्या उभ्या सगळ्या बायांना सांगून टाकलं, "माही पोरगी कलेक्टर झाली." मामानं मला फोन करून विचारलं, लाल दिव्याची गाडी कधी येणार. मी म्हटलं, मामा, मी लघवीच्या नमुन्याची कलेक्टर. तर म्हणतात, कलेक्टर तर कलेक्टर.

बातमी तीच आहे. ड्रायव्हरनं नशा केली आहे का ते पाहायला नमुना घेतात, तो घेणाऱ्या माणसाकडे आता प्रमाणपत्र हवं, असं त्या बाहेरदेशच्या गिऱ्हाइकानं आपल्या कंपनीला कळवलं. म्हणून जूनमध्ये मला तीन दिवस नागपूरला पाठवलं. मार्चमध्ये तुमचे सगळ्यांचे नमुने मी घेतले तेव्हा माझ्याकडे असलं काही नव्हतं. लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा आहे, बाटली धरता येते, एवढ्यावर भैयाजींनी मला बसवलं होतं. तू त्यांना ओळखतोस. ट्रान्सपोर्ट मॅनेजर म्हटला की त्याला सगळं आजच पाहिजे.

शिकवायला शकुंतलाबाई होत्या. लष्करी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. आवाज असा, की संडासात गेलेला माणूस आतूनच "हो मॅडम" म्हणेल. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, "नमुना घेणारा पोलीस नाही आणि नातेवाईकही नाही." नात्यातल्या माणसाचा नमुना आपण घ्यायचाच नाही, दुसऱ्याला बोलवायचं. मी वहीत उतरवून घेतलं आणि मान वर केली नाही.

खिसे रिकामे करायला लावायचे. संडासाच्या टाकीत निळा रंग टाकायचा, म्हणजे कोणी तिथलं पाणी मिसळणार नाही. बाटली हातात आली की चार मिनिटांच्या आत तिच्यावरची तापमानाची पट्टी वाचायची. मग त्या माणसाच्या डोळ्यासमोर नमुना दोन बाटल्यांत वाटायचा. दुसरी बाटली त्याच्यासाठी असते. निकाल पटला नाही तर ती तपासा म्हणायचा त्याला हक्क आहे. मार्चमध्ये आपल्याकडे एकच बाटली होती. मला कोणी सांगितलं नव्हतं.

परीक्षा म्हणजे लागोपाठ पाच खोटे नमुने बिनचूक घेऊन दाखवायचे. नमुना देणारा आमच्यातलाच कोणी आणि बाटलीत कोमट चहा. एक चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. मी चौथ्या नमुन्याला चुकले. काय चुकले ते सोड. दुसऱ्या दिवशी पाचही बरोबर आले.

आता एक विचारते. तेरा मार्चला नमुने घेतले आणि अकराला धुळवड होती. त्या दिवशी दुपारी तू मुर्रीला, तुमच्यातल्याच छोटेलाल ड्रायव्हरकडे गेला होतास. त्याच्या अंगणात भांग घोटली होती, हे सुखरामभाऊंनीच सांगितलं. तुझ्या निकालात भांग निघाली तेव्हा तू आईच्या पायावर हात ठेवून म्हणालास, "म्या काही पेलो नाही." माझ्याकडे मात्र पाहिलं नाहीस. का पाहिलं नाहीस? बाबाही आईच्या पायाची शपथ घेत, आणि चिलीम न्हाणीच्या कौलात सापडे. त्यांचं पुढे काय झालं ते आपण दोघांनी पाहिलं आहे.

खरं काय ते लिही. थोडी घेतली असली तरी लिही. मी आईला सांगणार नाही.

तुझी बहीण,
समीक्षा


कुडवा
२६ जुलै २००९

दादा,

जयभीम. तुझं कार्ड मिळालं. तीन ओळींसाठी पोस्टाला त्रास दिलास. "छोटेलालकडे गेलो होतो, शेव खाऊन आलो. भांगेले हात लावलो नाही. बाटली तुह्या टेबलावर ठेवली होती, पुढचं तुलेच माहीत."

मला काय माहीत असणार? दोन दिवस माझा नुसता संताप झाला. आईनं विचारलं, कोणाचं कार्ड आहे. मी म्हटलं, बँकेचं. तिला वाचता येत नाही याचा मी पहिल्यांदाच असा फायदा घेतला.

मग संशय दुसरीकडे गेला. जानेवारीत तू ब्रेक दुरुस्त झाल्याशिवाय टँकर हलवणार नाही म्हणालास आणि फाटकाशी भैयाजींसोबत भांडलास, ते सगळ्या कंपनीनं ऐकलं होतं. मार्चमध्ये तुला काढलं आणि आठवडाभरात तुझा टँकर छोटेलालला दिला. हे नुसतंच घडून आलं असेल का?

परवा भैयाजी बाहेर होते तेव्हा मी कपाटातून मार्चची फाइल काढली. अकरा ड्रायव्हरांचे अकरा फॉर्म, अक्षर माझंच. प्रत्येकावर नमुना घेतल्याची वेळ आहे. छोटेलालच्या फॉर्मवर दहा चाळीस. तुझ्याही फॉर्मवर दहा चाळीस. संडास एकच, मग एका वेळी दोघं कसे गेलात? मी तशीच उभी होते, तेवढ्यात भैयाजी दारात.

"फाइल क्यों निकाली?"

मी म्हटलं, नागपूरला शिकून आले, जुने फॉर्म बरोबर भरले का ते पाहते आहे.

"कागज पे सब बराबर है ना? तो बराबर है. रख दे."

ते फाइल कपाटात जाईपर्यंत हलले नाहीत. कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. याआधी ती किल्ली खिळ्यावर लटकलेली असायची.

आज रविवार म्हणून सायकल काढून मुर्रीला गेले. छोटेलाल अंगणात गाडी धूत होता. मला पाहून त्यानं नळ बंद केला, पण बस म्हणाला नाही.

"छोटेलाल, धुळवडीला दादा भांग प्याला होता का?"

"कायले विचारून राहिली बाई? चार महिने झाले."

"हो की नाही, एवढंच सांग."

त्यानं फडकं घेऊन गाडी पुसायला घेतली. ओसरीवर त्याची बायको मंदाबाई तांदूळ निवडत होती. ती तिथूनच म्हणाली, "त्यानं गिलासाले हातबी लावला नाही. माह्या हातची शेव खाल्ली आन् गेला. पेले ते हे. दोन गिलास."

"तू चूप बस," छोटेलाल म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "मलेबी नवल वाटलं बाई. मले वाटलं होतं, आता आपली नोकरी गेली. तर माहा रिपोर्ट साफ आला. मी काऊन बोलू सांग? मले दोन पोरी आहेत."

दादा, दोन गिलास भांग पिऊन दोन दिवसांनी नमुना साफ येत नाही, हे मला कळतं. तू प्याला नाहीस, हे आज मी मान्य करते. पण मग तुझ्या नावाच्या बाटलीत ते आलं कसं? भैयाजींनी कुरिअरच्या डब्यात काही केलं का? छोटेलाल त्यात सामील आहे का? त्याच्या तोंडावरून तसं वाटलं नाही, पण तोंडाचं काय. बाटल्या माझ्या टेबलावर होत्या तोवर कोणी हात लावलेला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. म्हणजे मी समोर होते तोवर.

मी शोध घेते आहे. तू कोणाजवळ बोलू नको.

समीक्षा


कुडवा
३० ऑगस्ट २००९

दादा,

जयभीम.

मागचं पत्र टाकून आले आणि त्यातली शेवटाकडची एक ओळ मला झोपू देईना. "मी समोर होते तोवर." ती ओळ माझ्याच हातानं लिहिली गेली होती. आता जे लिहिते आहे ते मला मार्चपासून माहीत होतं असं म्हणवत नाही, आणि माहीत नव्हतं असंही म्हणवत नाही.

नागपूरला चौथ्या नमुन्याला काय चुकले ते सांगते. मी समोरच्या माणसाची लेबलवर आधीच सही घेऊन ठेवली, आणि बाटली आली की चिकटवायला गेले. शकुंतलाबाईंनी माझं मनगट धरलं. "ही सवय कुठली? सही आधी घेतलेलं लेबल कोणत्याही बाटलीला लागतं." सगळे हसले. मीही हसले. ती सवय तेरा मार्चची होती.

त्या दिवशी सकाळी भैयाजी म्हणाले, बाराच्या आत गाड्या निघाल्या पाहिजेत. म्हणून मी तुम्हा अकराही जणांना रांगेत उभं करून लेबलांवर सह्या घेतल्या. तुला आठवत असेल, तू म्हणालास, "बाटलीच्या आधी सही कायची गं?" मी म्हटलं, तू तुझी गाडी चालव, मला माझं काम करू दे. छोटेलालनं बाटली आणून दिली, तेवढ्यात भैयाजींनी कुरिअरच्या कागदावर सही करायला केबिनमधून हाक मारली. छोटेलालला मी जा म्हटलं आणि त्याची बाटली टेबलावर तशीच सोडून गेले. पाच मिनिटं लागली असतील. परत आले तर टेबलावर दोन बाटल्या. तू तुझी ठेवून गेला होतास, फाटकाशी तुझा टँकर हॉर्न देत होता. दोन बाटल्या, तुम्हा दोघांच्या सह्यांची दोन लेबलं, आणि खोलीत मी एकटी. मला विचारता आलं असतं. फाटक शंभर पावलांवर होतं. मी उजवीकडची तुझी धरली. अंदाजानं. आणि दोन्ही फॉर्मवर दहा चाळीस लिहिलं.

भैयाजींनी काही केलं नाही. त्यांना घाई होती, एवढंच. छोटेलालनंही काही केलं नाही.

निकाल आला तेव्हा ती पाच मिनिटं माझ्या मनात आलीच नव्हती, असं नाही. आली होती. पण मी तुझ्याकडे पाहिलं आणि मला बाबा दिसले. तुझं नाक त्यांचं, शपथ घ्यायची तऱ्हा त्यांची. मी म्हटलं, "दादा, मशीन खोटं बोलत नाही." ते ऐकून आईनं तुझी बॅग उंबऱ्याबाहेर ठेवली. मशीननं खरंच खोटं सांगितलं नव्हतं. त्याच्यासमोर दुसऱ्याची बाटली मी ठेवली होती.

सत्तावीस जुलैला मी शकुंतलाबाईंना फोन केला. नावं न घेता सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ज्या नमुन्याचा धनी खात्रीनं सांगता येत नाही, तो नमुनाच नव्हे. निकाल रद्द होतो. पण ते तुला स्वतःच्या सहीनं लिहून द्यावं लागेल, मुली. तोंडी सांगितलेलं उडून जातं."

लिहून दिलं. आधी मुर्रीला जाऊन छोटेलालला सांगितलं, कारण त्याची भाकरीही त्यात होती. तो फिका पडला. मी म्हटलं, कोणती बाटली कोणाची हे मला सांगता येत नाही एवढंच मी लिहिणार, भांगेचा शब्द नाही. तो म्हणाला, "लिही बाई. तुह्या भावाचा टँकर चालवतानी मले पाठीमागं कोणी बसलं आहे असं वाटते."

भैयाजींनी कागद वाचून घडी करून मला परत दिला. "नया सर्टिफिकेट है तेरा. क्यों जला रही है? प्रफुल्ल तो गया, वो वापस थोडी आएगा." मी तो टेबलावर ठेवला. त्यांनी खणात टाकला. आठवडा गेला, काही हललं नाही. मग मी दुसरी प्रत रजिस्टरनं थेट मुख्य कार्यालयाला पाठवली. तिथून दोन माणसं आली. त्यांनी फॉर्म पाहिले, मला दीड तास विचारलं. एकानं विचारलं, भावाला वाचवायला आता हे रचता आहात का? प्रश्न बरोबर होता, त्याच्या जागी मीही तोच विचारला असता. मी त्यांना दोन्ही फॉर्मवरची वेळ दाखवली आणि म्हटलं, हे मार्चमध्ये लिहिलं आहे, तेव्हा मला भावाला वाचवायचं नव्हतं. त्यानं दोन्ही वेळा आपल्या कागदावर उतरवून घेतल्या.

निर्णय असा झाला, की दोघांचेही निकाल रद्द. छोटेलालचा नमुना पुन्हा घेतला, नागपूरहून दुसरा माणूस बोलावून. तो साफ आला. तुझ्या नावाचं पत्र या पत्रासोबत आहे. त्यात लिहिलं आहे की तेरा मार्चचा निकाल ग्राह्य नाही, तुझ्यावरचा ठपका काढला आहे आणि कामावर परत यायचं असेल तर एक महिन्यात कळवावं. यायचं की नाही ते मी सुचवणार नाही. मला कामावरून काढलं आहे. प्रमाणपत्रही नागपूरला परत गेलं. मामाला अजून सांगितलेलं नाही.

आईला मात्र काल सांगितलं. ती चुलीपुढं होती. भाकरी तव्यावर करपली तरी तिनं उलटली नाही.

"म्हणजे त्यानं पेली नव्हती?"

"नाही."

"तुले हे कधीचं माहीत?"

मी तवा चुलीवरून खाली घेतला. ती उठली, हात धुतले, आणि म्हणाली, "म्या काढलं त्याले घरातून. तुह्या सांगण्यावरून काढलं. माह्या पोटच्या पोराले म्या विचारलंबी नाही." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. सकाळी शेजारच्या शांतीबाईंना विचारून आली, रायपूरची गाडी किती वाजता.

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. आई मंगळवारी सकाळच्या गाडीनं निघते आहे, तिच्याच पिशवीत देते. तिला स्टेशनवर घ्यायला ये, हा निरोप सुखरामभाऊंनी तुला आधीच कळवला असेल. जिने चढताना हात धर, तिची कंबर अजून बरी नाही. पत्र वाचून दाखव म्हणाली तर सगळं मोठ्यानं वाच. माझा भाग गाळू नको आणि कुठे मऊही करू नको.

मला माफ कर असं लिहिणार होते, ते खोडलं. ते मागायला मी स्वतः यायला पाहिजे. तू ये म्हणशील तर येईन. म्हणणार नाहीस तरी मला समजेल.

खाली नातं लिहायचा हक्क आहे की नाही, ते तू ठरव. मी नुसतं नाव लिहिते.

समीक्षा