तोंड वळवून प्यायचा पेला

१७ सप्टेंबर, चुसोक, पितरांचा सण

टे-ग्युन नाही म्हणाला! पोटचा पोरगा! म्हाताऱ्याच्या थडग्याला नमस्कार झाले, मी प्रसादाची दारू पुढे केली, तर म्हणतो, "आई, गाडी चालवायची आहे."

मी म्हटलं, ही दारू नव्हे, बापाचा आशीर्वाद आहे. तुझा बाप कोबीचा ट्रक हाकायचा, त्याने कधी माझा पेला परतवला नाही. तू शाळेची बस चालवतोस, म्हणून फार मोठा लागून गेलास?

घेतला शेवटी. मोठ्यांसमोर पितात तसा, तोंड वळवून. रिकामा पेला दाखवला. सणाच्या तांदळाच्या वड्यांचा, सोंगप्यॉनचा, डबा घेऊन दुपारी शहराकडे गेला.

संध्याकाळी शेजारची बोंग-आक सांगत आली – पुलावर पोलीस आहेत, दिसेल त्या गाडीवाल्याला नळीत फुंकायला लावतायत.

फोन उचलत नाही.

१८ सप्टेंबर

फोन नाही. भात केला, तसाच राहिला.

१९ सप्टेंबर

गावच्या सभागृहात पोलीस आला होता. मिसरूडही धड फुटलेलं नाही, पण कायदा तोंडपाठ. मी विचारलं, एक पेला घेतला तर? म्हणाला, "आजी, काहींना एकही पुरतो."

रक्तात थोडी सापडली तरी लायसन काही महिने बंद. पन्नास लाख वॉनपर्यंत दंड, नाहीतर वर्षापर्यंत तुरुंग. जास्त सापडली तर लायसनच रद्द. माणूस मेला तर जन्मठेपसुद्धा. आणि गाडी चालवणार हे ठाऊक असून आग्रहाने पाजली, तर पाजणाराही सुटेलच असं नाही.

बोंग-आकने कोपर मारलं. "तुरुंगात किमची पाठवीन हो तुला."

मला नेऊ देत. माझं काय उरलंय! पण त्याची बस गेली तर? एवढासा होता तेव्हा पातेल्याचं झाकण धरून अंगणभर पळायचा – बस आली, बाजूला व्हा! कोंबड्यांनासुद्धा तिकीट द्यायचा.

२० सप्टेंबर

फोन आला. मोबाइल पाण्यात पडला होता म्हणे, गाढवाचा. पुलावर अडवलं होतं, फुंकायला लावलं. शून्य!

जीव भांड्यात पडला. मग राग आला. शून्य कसं? माझ्या दारूचं पाणी झालं की काय? उरलेली चाखून बघितली. कान तापले.

दारू ठीक आहे. मग?

९ नोव्हेंबर

आज टे-ग्युन आला, पुन्हा थडग्यावर गेलो. त्याच्यासाठी वेगळ्या किटलीत भाताच्या खरवडीचं पाणी नेलं, बोलले काही नाही. पेला दिला. त्याने तोंड वळवलं आणि हळूच गवतात ओतला.

"पी रे मूर्खा, पाणी आहे ते."

कान लालभडक झाले त्याचे. पन्नाशीचा बाप्या! गवत उपटायला लागला. मग म्हणाला, "बाबांनीच शिकवलं, आई. म्हणायचे, तिला नाही म्हणायचं नाही. तोंड वळवायचं आणि आजोबांच्या थडग्यावरच्या गवताला पाजायचं."

म्हणजे ट्रक होता तेवढी सगळी वर्षं!

म्हाताऱ्याला मात्र खरी ओतली, काठोकाठ. आता वळव तोंड.