भिंतीवरचा नंबर चार

सोमवार, ७ जुलै
आजपासून रोज डायरी. फक्त स्वतःसाठी.
आमची विभागप्रमुख हिलरी हिने जाहीर केलं: ऑगस्टच्या ओपन डेला प्रयोगशाळेच्या दारातल्या भिंतीवर एका मेंदूचं आठ फुटी रंगीत चित्र लागणार. मेंदूतला पांढरा भाग, म्हणजे ज्या तंतूंवर आम्ही सगळे पोट भरतो तो. मेंदू आमच्यापैकीच कुणाचा तरी. बाराही जणांनी एमआरआय मशीनमध्ये झोपायचं, चित्रांवर नावं नाहीत, नुसते नंबर. मग मतदान.
भिंत माझीच. बावीस वर्षं मी ह्या तंतूंचाच विचार करतोय. त्यांनाही काही वाटत असेलच ना.
थिया म्हणाली, मज्जा येईल! हिला कशातही मज्जा येते. वय एकतीस, येऊन दोन वर्षं, आणि मला सरळ ‘अरे मर्व्हिन’. खिडकीजवळचं टेबल तिला. मी झेरॉक्स मशीनशेजारी. मला काही वाटत नाही.

गुरुवार, १० जुलै
स्कॅन झाला. चित्रात डावं-उजवं उलटं होऊ नये म्हणून सगळ्यांच्या उजव्या कानशिलावर माशाच्या तेलाची कॅप्सूल चिकटवतात. चित्रात ती टपोरी चमकते. माझी दोनदा निसटली. घाम. मशीन गरम असणार. (थियाला म्हणे आत झोप लागली.) शेवटी मशीनवाल्या सिओसायाने ती कानामागे खाली कुठेतरी डकवली आणि म्हणाला, काका, जरा दमाने, ब्लडप्रेशर कधी बघितलंय का? म्हटलं, तू तुझी बटणं दाब. किरकोळ गोष्ट. उगाच लिहिली.
संकल्प: उद्यापासून लिफ्ट बंद.

शुक्रवार, ११ जुलै
लिफ्टने गेलो. गुडघा.

सोमवार, २१ जुलै
चित्रं आली! नंबर चार बघून भरूनच आलं. लाल, हिरवे, निळे तंतू, कसे विंचरल्यासारखे. ठिपका म्हणून नाही. कॅप्सूल कानशिलावर बरोब्बर जागेवर. माणसाचा स्वभाव दिसतो. मीच.
नंबर नऊ मात्र... अरेरे. जिकडेतिकडे पांढरे ठिपके. ब्लडप्रेशरकडे वर्षानुवर्षं काणाडोळा केला की हे असं होतं. आणि कॅप्सूल कुठे, तर कानामागे लोंबतेय! लगेच ओळखलं. थिया. त्या कुरळ्या केसांत पट्टी टिकणार कशी?
बिचारी. आनंदात दोन सॉसेज रोल खाल्ले.

मंगळवार, २२ जुलै
थियाबद्दल मनात आता काही नाही. मोकळं वाटतंय. तिला माझ्या हस्ताक्षरात सात कलमांची यादी करून दिली. मीठ कमी, सॉसेज रोल बंद, जिना वापरा वगैरे. सातवं कलम खास तिच्यासाठी. ती म्हणाली, अरे, पण मला कशाला? म्हटलं, काळजी वाटते. म्हणाली, किती चांगला आहेस रे.
खिडकीचं ऊन बाधत असेल तर टेबल बदलू या, म्हटलं. नको म्हणाली. हट्टी.

गुरुवार, ३१ जुलै
मतदान. आधी टेबलाटेबलाशी जाऊन चारचा प्रचार केला. चहाला भाषणही ठोकलं: असा मेंदू शिस्तीच्या, दिलदार माणसाचाच असतो, अशांनीच संस्था मोठ्या होतात. हिलरीने वाक्य लिहून घेतलं. बारापैकी दहा मतं चारला.
घरी बायकोला, नोराला, सांगितलं, ओपन डेला तुझ्या बहिणीला आणच. नवऱ्यासकट. तो आपल्या नव्या बोटीचं फार सांगत असतो.

सोमवार, ४ ऑगस्ट, सकाळी ९.१०
हिलरीने आत बोलावून दार लावलं. चित्रात काही वावगं दिसलं तर आधी त्या माणसालाच सांगायचं, असा नियम आहे. मी म्हटलं, थियाचं मला माहीत आहे, मी हळूच सांगतो तिला. हिलरी म्हणाली, मर्व्हिन, तू बस.
चार थियाचा.

९.४०
सिओसायाने दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधला. १७८. म्हटलं, मशीन बिघडलंय. परत बघितलं. १८२. म्हणाला, काका, तुमची कॅप्सूल मीच नव्हती का कानामागे लावली?
हो. लिहूनही ठेवलंय मी.

मंगळवार, ५ ऑगस्ट
मला तिचा हेवा वाटतो. दोन वर्षं वाटतोय. टेबलाचा, वयाचा, मशीनमध्ये झोप लागते त्याचासुद्धा. गोळी सुरू.
संकल्प: थियाशी बोलायचं नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट
ओपन डे. भिंतीवर थिया, आठ फूट. खाली माझं शिस्तीच्या, दिलदार माणसाचं वाक्य, माझ्या नावासकट. साडू म्हणाला, वा, छान बोललास! आणि तुझा मेंदू कुठला? नोराने त्याला लॅमिंग्टन केक खायला नेलं. जन्मभर उपकार विसरणार नाही.
मग थिया आली. हातात कागदाची घडी. तिला कुणी सांगितलं नव्हतं, माझं तोंड बघूनच तिने ओळखलं असावं. म्हणाली, मर्व्हिन, यादी चांगली आहे रे, पण तूच ठेव. आणि सोमवारपासून खिडकीशी तू बस. जिना तिथून जवळ आहे.
नको म्हणणार होतो. घडी खिशात टाकली.
जिन्याने उतरलो. दुसऱ्या मजल्यावर दम लागला म्हणून पायरीवर बसून घडी उघडली. सातवं कलम: दुसऱ्याचं बघून जळू नका, ब्लडप्रेशर वाढतं.
अक्षर मात्र सुरेख आहे माझं.