पांढऱ्या पट्टीचे टायर

४ फेब्रुवारी

चालू झाली! मेकॅनिकने कार्बोरेटर धुतला, ब्रेक नवे केले आणि पठ्ठी खोकत खोकत बोलायला लागली. आबा अंगणात खुर्ची टाकून बसलेले, डोळ्यांना पाणी. विचारलं तर म्हणे, "धूर गेला."

खंडाळ्याच्या बंगल्यावर उभी हयात त्यांनी हीच निळी पद्मिनी चालवली. बंगला विकला तेव्हा मालकीणबाईंनी गाडी आपल्या ड्रायव्हरलाच देऊन टाकली. तेव्हापासून आमच्या लोणावळ्याच्या अंगणात विटांवर उभी. मी रेल्वेतून रिटायर झाले आणि म्हटलं, आता हेच काम.

आत जाऊन बसले. रेक्झिनचा तोच वास. काच खाली करून बसले तर दुपार कुठे गेली कळलं नाही. भाजी करपली.

७ फेब्रु.

कुठे जायचं ते ठरलेलंच. पवनानगर, भागाआत्याकडे. आबांची धाकटी बहीण. तरुणपणी एकदा बंगल्यावर आली होती. म्हणाली, दादा, मला एक चक्कर मारून आण. आबा म्हणाले, मालकाची गाडी हाय, न्हाई जमायचं. ती पायी स्टेशनला गेली. हे तिने प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात चारचौघांत सांगितलंय. हसत हसतच, पण सांगितलंय. आबा दर वेळी मूग गिळून गप्प.

आता तिच्या हृदयात दम राहिला नाही. ऑपरेशन झेपणार नाही म्हणतात. फोनवर म्हणाली, "गाडी आण गं सुमे लवकर. मी काय लय थांबत न्हाई आता."

"असं बोलू नकोस आत्या."

"मग काय गाणं म्हनू?"

९ फेब्रु.

आबांनी माळ्यावरून टायर काढायला लावले. चार. कोरे करकरीत, बाजूला पांढरी पट्टी. मालकांनी हौसेने परदेशातून आणवले आणि बसवायच्या आतच मालक वारले. आबांनी ते आजवर सांभाळले. दर रविवारी खोबरेल तेल लावून पुसायचे. बंगल्यावरची रीतच ती, टायर चकाकला पाहिजे. माझ्या केसांना इतकं तेल कुणी लावलं नाही.

पण काय दिसतात! जुन्या चाकांवर एक नुसता टेकवून बघितला. मला तर डोळ्यासमोर दिसायलाच लागलं. धरणाकाठचा रस्ता, सकाळचं धुकं, निळी गाडी, पट्ट्या हळूहळू फिरतायत आणि आत्या खिडकीतून हात बाहेर काढून बसलीय. किती वेळ तशीच उभी होते कोण जाणे. आबा ओरडले, "सुमे, टायर सोड की!"

११ फेब्रु.

तेल पुसून काढलं साबणाने. काढायलाच नको होतं असं वाटतंय.

पट्टीच्या कडेने बारीक भेगा. केसाएवढ्या, पण गोल सगळीकडे. नख रुतवून बघितलं, रुतत नाही. लाकूडच. साबणाने निघालं ते काळं आणि चिकट, म्हणजे तेलाने रबर नासलंय. बाजूवर कारखान्याचे आकडे असतात, त्यावरून कधीचा ते कळतं. हल्ली चार असतात. यावर तीनच. म्हणजे दोन हजार सालाच्याही आधीचा!

आबांना सांगायचं कसं?

१२ फेब्रु.

सांगितलं. भडकले.

"एक मैल पळाला न्हाई त्यो! नक्षी बग, नक्षी! कोरी हाय."

"नक्षी कोरी आहे आबा, पण रबर वठलंय. उतारावर तापला की फुटेल."

"मी गाडी चालवली का तू?"

मीही आवाज चढवला. म्हटलं, पवनानगरच्या वाटेवरच्या त्या दुधिवरे खिंडीत एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. आत्याला गाडीत घालून असला टायर कसा बसवू? आजारी बाईला घेऊन मी हे करणार नाही म्हणजे नाही.

जेवले नाहीत. मी पण नाही. भांडीच पडली नाहीत घासायला.

१५ फेब्रु.

तळेगावजवळ वराळ्याच्या टायरवाल्याकडे. बोलघेवडा माणूस. पद्मिनी म्हटल्यावर हातातला चहा ठेवला. "ताई, रुंद टायर घाला, गाडी वाघिणीसारखी बसंल." म्हटलं, वाघीण वळणावर मडगार्डला घासेल त्याचं काय? हसला. मग म्हणाला, स्वस्तातले नायलॉनचे आहेत. नको. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेले, तर नाहीच नाही. मला हिच्याच मापाचे, अरुंद, रेडियल, या वर्षाचे हवेत. ओल्या रस्त्याला धरणारे. आणि आत ट्यूब, कारण हिच्या जुन्या रिममध्ये ट्यूबशिवाय हवा टिकत नाही. पाच. स्टेपनीसकट.

"पांढरी पट्टी मिळेल का?" जीभच घसरली माझी.

"रंगवून देतो की!"

नको म्हटलं. मन मात्र तिथेच घुटमळत होतं. परत येताना बसमध्ये डोळा लागला, तळेगाव ते लोणावळा नुसती चाकं फिरत होती.

१९ फेब्रु.

आबांचा अबोला. चहा आणून ठेवला की कप आपला भिंतीकडे सरकवतात. त्यात आणि मध्यस्थी आत्याची, फोनवर: "दादाला म्हन, बैलगाडीची चाकं लाव, पन ये." स्पीकरवर होतं. त्यांनी ऐकलं. मिशीत हसले, मला दिसू दिलं नाही.

२१ फेब्रु.

नवे टायर बसले. टायरवाल्याने घरी येऊन बसवले. चाकाखाली लिंबू ठेवू का म्हणाला. म्हटलं, आमच्यात नसतं. आबा पुटपुटले, "बंगल्यावं दर दसऱ्याला मीच ठेवायचो." चला, तोंड तरी उघडलं.

काळेभोर, साधे. गाडी कपाळावर कुंकू नसल्यासारखी दिसते, असं टायरवाला म्हणाला. मला राग आला. माझ्याही कपाळावर नाही, मी वाईट दिसते का?

आबांना शेजारी बसवून खंडाळ्यापर्यंत जाऊन आले. उभ्या जागी स्टिअरिंग जड, चालायला लागली की लोण्यासारखं. वळणावर गाडी रस्ता सोडतच नाही. दरीत ढग बसलेले. बंगल्याच्या जागी आता हॉटेल आहे. आबा फाटकाकडे बघत राहिले. कुणाच्या गाडीला सलाम ठोकायला हात उचलला आणि तसाच मांडीवर ठेवला. मला रडू आलं. गाडी बाजूला घेतली आणि रडले.

२४ फेब्रु.

आज आबा आपणहून बोलायला आले. ओसरीत बसले, तळहात पसरून माझ्यासमोर धरला.

"बग. नक्षी हाय का?"

म्हटलं, आहे की.

"व्हय. वरनं कोराच हाय मी बी."  उजव्या डोळ्याने त्यांना अंधुक दिसतं, डाव्या पायाला मुंग्या येतात, लायसन तर केव्हाच संपलंय.  हात हातात घेऊन बसले.

२७ फेब्रु. पवनानगर

आत्याच्या ओट्यावर बसून लिहितेय.

पहाटे निघालो. खिंडीतून उतरताना खाली धरणावर दुधासारखं धुकं, वर डोंगर तरंगतायत. मी तर चालवतेय की झोपेत आहे तेच कळेना. वळणावर अचानक म्हशी. ब्रेक दाबला आणि गाडी रेघेवर उभी राहावी तशी सरळ उभी राहिली. आबांचा पायही त्यांच्या बाजूला, नसलेल्या ब्रेकवर. जीव भांड्यात पडला. मग म्हणाले, "धरला बग रस्ता." एवढंच. पण म्हणाले!

आत्या वाळलीय. कोरं लुगडं नेसून सकाळपासून दारात. टायर बियर तिने बघितलेच नाहीत. गाडीवर हात फिरवला, माझ्या गालाला गाल लावला, आणि मग आबांच्या कानात काहीतरी बोलली.

आता चहा घेतला. मी पेला ठेवायला आत गेले आणि बाहेर येऊन बघते तर आबा ड्रायव्हरच्या सीटवर. आत्या शेजारी, पदर सावरून.

"दादाच चालवनार. त्यानं न्हाई म्हनलं हुतं, त्योच नेनार. न्हाईतर मी हितंच बरी."

"आत्या, पुढे खिंड आहे."

"म्हाईत हाय. माझाच गाव हाय त्यो."

थोडं सपाटीवर, धरणाच्या रस्त्याने, मी मागे बसून? पण ती सपाटीवर ऐकेल? आणि आबा थांबतील? टायरला नाही म्हणताना माझी जीभ अडखळली नव्हती. चावी माझ्या मुठीत आहे, घामाने ओली झालीय. आत्या हॉर्न वाजवतेय, लहान पोरीसारखी. आबा काचेतून माझ्याकडे बघतायत. मागत नाहीत. नुसते बघतायत.

उठते.