एका कमांडचं काम

३ मार्च, मंगळवार
बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मधलं दिसणं चाललंय, कडेचं तेवढं राहील. जे वाचायचंय ते महिनाभरात वाचून घ्या. घरी आल्यावर चपला काढता काढता बाबा म्हणाले, विकीतलं सगळं मोठ्या अक्षरांत कागदावर मिळेल का? स्क्रीनकडे बघितलं की डोळ्यांतून पाणी येतं.

घरचा विकी मीच लावून दिला होता, आई गेल्यावर. घरातल्या घरात चालणारी वेबसाइट. आईबद्दल आठवेल तसं एकेक पान बाबांनी लिहायचं. भाड्याची पहिली खोली. शिलाई मशीन. तिचं गाणं (बेसूर). सगळ्यात मोठं पान 'भांडणं'. मी अजून एकही वाचलेलं नाही. सवडीने वाचणार आहे.

म्हटलं, बाबा, एका कमांडचं काम आहे. रविवारी पुस्तक हातात.

४ मार्च
ही म्हणाली, एकेक पान कॉपी कर, वर्डमध्ये टाक, अक्षर मोठं कर, प्रिंट दे. संध्याकाळपर्यंत होईल. मी हसलो. ही मजुरी झाली. बायको शाळेत भूगोल शिकवते, तिला ऑटोमेशन काय कळणार. हे तिला बोललो नाही, इथेच लिहितो.

८ मार्च, रविवार
विकीचं पुस्तक करून देणारं टूल इन्स्टॉल झालं! अर्धी लढाई जिंकली.
पुस्तक नाही. या टूलला आधी दुसरं टूल लागतं, त्याला तिसरं. नमनालाच घडाभर तेल. जेवताना बाबांनी विचारलं. पाया घालतोय म्हटलं. ते म्हणाले, बरं.

१३ मार्च
पहिली प्रत. पानभर नुसते चौकोन. फॉन्टचा दोष. माझा नाही.

१५ मार्च, दुपार
अक्षरं आली, पण वेलांट्या सैरभैर. आपलं अक्षर सोडून शेजारच्याच्या डोक्यावर. छापून टेबलावर ठेवलं होतं, ते बाबांच्या हाती लागलं. भिंग धरून एक ओळ लावायला बघत होते. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, डॉक्टरांनी महिना सांगितला होता, आधीच गेले वाटतं.
डोळे नाहीत बाबा, सॉफ्टवेअर आहे, असं सांगायला हवं होतं. पण मग खुलासे आले, वेळ गेला असता. जेवण गेलं नाही.

२२ मार्च
वेलांट्या जागेवर. हत्ती गेला, शेपूट राहिलं. मुखपृष्ठ केलं: संकलक, संपादक व तांत्रिक सूत्रधार, खाली माझं नाव. हिने विचारलं, बाबांचं नाव कुठाय? मागच्या पानावर घेणार आहे. जागेचा प्रश्न आहे.
ही 'उंटावरचा शहाणा' असं काहीसं पुटपुटली. नीट ऐकू आलं नाही.

२८ मार्च
छापण्याआधी पानं चाळली. वाचली नाहीत, चाळली. बाबा आईला सगळीकडे नुसतं 'ती' लिहितात. ती आली, ती गेली. परक्या वाचकाला कळणार कसं? ही म्हणाली, परका वाचक कोण आहे? त्यांनी जन्मभर तिला 'ती'च म्हटलं, राहू दे. पण संपादकाला भावनेच्या आहारी जाऊन चालत नाही. एक कमांड दिली: जिथे 'ती' तिथे 'आई'. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं. याला म्हणतात ताकद. छापून टाकलं.

२९ मार्च
बाबांनी पुस्तक हातात घेतलं, कागद चाचपला, आणि सुनेला म्हणाले, पहिलं पान तूच वाच.
हिने वाचलं: आई तिच्याच नादात होआई. किआई वेळ गेला कळलं नाही. बत्आई लावायची राहून गेली.
बाबांनी विचारलं, होआई म्हणजे काय?
मी प्रिंटरची शाई तपासायला उठलो.

३० मार्च
मूळ प्रत विकीत असेल म्हणून निश्चिंत होतो. कमांड मूळ पानांवरच दिली होती. जुन्या आवृत्त्या साठवणं मी बंद करून ठेवलेलं, जागा खातात म्हणून. बॅकअप आहे. आपोआप होतो, तासातासाला, तीही माझीच व्यवस्था. तासाभरात 'होआई' तिथेही जाऊन बसली.

डोकं शांत ठेवलं. उलटी कमांड दिली: जिथे 'आई' तिथे 'ती'. 'होती' परत आली. 'किती' आली. बत्ती पेटली. जितं मया.

मग 'भांडणं' उघडलं. पहिल्यांदाच वाचलं.
'ती म्हणाली, पाणी कुणी सांडलं? ती म्हणाली, घर तुमचं, पाणीही तुमचंच.'
बाबा स्वतःच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, 'आई' लिहायचे. माझ्या आईला 'ती'. सासू-सुनेतला तेवढाच फरक होता, आणि तो मी पुसला. आता सगळ्याच 'ती'. कोण कुणाला बोललं ते एकट्या बाबांना माहीत, आणि बाबांना वाचता येत नाही.
हिला अजून सांगितलेलं नाही. हिला माहीत आहे.

१९ एप्रिल, रविवार
बाबा आता माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतात. कडेने मी थोडा दिसतो म्हणे.

टूल बंद. रोज संध्याकाळी मी वाचतो, ते सांगतात: ही आई. ही ती. मी एकेक बदलतो, हाताने. मध्येच एक युक्ती सुचली. 'जेवलास का' असेल तिथे आजी, 'जेवलात का' असेल तिथे आई. म्हटलं, बाबा, याची कमांड लिहिता येईल. त्यांनी चाचपडत माझा हात कीबोर्डवरून उचलला आणि बाजूला ठेवला.

आज एक ओळ आली: 'ती दाराशी उभी होती. मी मागे वळून पाहिलं नाही.'
विचारलं, ही कोण? बाबा म्हणाले, तोंड दिसत नाहीये रे. परत वाच. परत वाचली. नाही म्हणाले.
अंदाजाने 'आई' लिहू का, म्हटलं.
म्हणाले, नको. अंदाजाने तू बरंच करून ठेवलंयस.

ओळ तशीच ठेवली. पुढची वाचली.