हौदातलं प्लास्टर

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डोंगरावर पोचलो. हाडं शाबूत आहेत, तेव्हा काळजी आवर. मिशनच्या तुकडीत डॉक्टरीणबाई, दोन नर्सा, पाळकसाहेब आणि प्लास्टर घालायला मी. प्रार्थनेला डोळे उघडे ठेवून बसणारा मी एकटाच, त्यामुळे कुणाला डुलकी लागते ते मला बरोबर कळतं. पाळकसाहेबांचा नंबर पहिला.

काम मात्र मनासारखं आहे. जन्मतःच पावलं आत वळलेली बाळं इथे बरीच आहेत. पाऊल हातानं थोडं सरळ करायचं, प्लास्टर घालायचं, पुढच्या आठवड्यात ते काढून आणखी थोडं सरळ करायचं. मध्ये खंड पडला की पाऊल पुन्हा आपल्या वळणावर जातं आणि सगळं मुसळ केरात. यात एक पोरगी आहे, तिला सगळे मुंगी म्हणतात. आई बाळंतपणातच गेली, आजी सांभाळते. पहिल्याच भेटीत मुंगीनं माझ्या शर्टावर जो अभिषेक केला, त्याचं वर्णन नको.

सहा आठवड्यांत परत येतो, कबूल केलंय ते विसरलो नाही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस, एवढंच मागणं.

तुझा धाकटा

१५ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग नेहमीसारखी रडले. हॉस्पिटलच्या कपडेखोलीत चादरींच्या घड्या घालत होते, तेव्हा तुझे प्लास्टरखोलीतले साहेब मुद्दाम येऊन सांगून गेले, की जागा सहा आठवडे राखून ठेवतो, पुढचं माझ्या हातात नाही. ऐकलंस ना?

आई गेल्यापासून तू देवाशी अबोला धरला आहेस. मी तुला कधी बोलले नाही. तिच्यासाठी केवढी प्रार्थना केली होतीस, ते मी पाहिलं आहे. पण मी रोज दोनच गोष्टी मागते. तू त्याच्याशी बोलावंस आणि तू घरी यावंस. देवालासुद्धा आता माझा कंटाळा आला असेल. एकटीला घर खायला उठतं रे. भाजी एकटीपुरती करायला गेले की हमखास दोघांची होते.

ओल्या कपड्यांत बसू नकोस. सुखरूप राहून आशीर्वाद सार्थ कर.

तुझी ताई

२ जुलै

ती. ताईस,
सा. न.

दरड कोसळून रस्ता बंद झाला आहे. डोंगर उतरून पायी जाणाऱ्या एकाबरोबर हे पत्र पाठवतो आहे.

माझ्या हातून घोळ झाला. इथलं प्रत्येक छप्पर गळतं. कोरडी जागा एकच, चर्चमधला बाप्तिस्म्याचा हौद. पक्का सिमेंटचा, वर लाकडी झाकण, आणि कित्येक महिन्यांत वापरलेला नाही. पाळकसाहेबांना विचारून प्लास्टरच्या पट्ट्यांची सगळी खोकी मी त्यात रचली. रविवारी एका म्हातारबाबांचा बाप्तिस्मा ठरला. पाळकसाहेब खोकी साफ विसरले, आणि राखणदारानं झाकण न उचलता खालचा नळ सोडून दिला. सकाळी पाहतो तर हौदात दगड! माझ्याआधी माझ्या प्लास्टरनं बाप्तिस्मा घेतला. नर्सा हसल्या, मीही हसलो, आणि मग बाहेर बसलेल्या आया दिसल्या तसं हसू मावळलं. कारण बाळांची जुनी प्लास्टरं आम्ही पहाटेच भिजवून काढली होती.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की हात आहेत ना, धरून ठेवू. तेव्हापासून चर्चमध्ये चटया टाकून आया आळीपाळीनं पावलं धरून बसतात आणि गाणी म्हणतात. मुंगीच्या आजीच्या बोटांत जोर नाही, म्हणून ती पावलं माझ्याकडे. ताई, परवा असाच बसलो होतो. हाताला मुंग्या आलेल्या, पाठ मोडलेली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की आईच्या वेळी कुठे होतास, आता निदान हिच्याकडे तरी बघ. चक्क भांडलो. भांडलो म्हणजे अबोला सुटलाच की!

तिथून थोड्या पट्ट्या मिळाल्या तर बघ. तुझ्या आशीर्वादावर भिस्त ठेवून आहे.

तुझा धाकटा

९ जुलै

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझ्या साहेबांच्या दारात ठाण मांडून बसले. आधी हौदाची हकीकत ऐकून ते पोट धरधरून हसले, मग मुकाट्यानं खोकी काढून दिली. आजच रवाना केली आहेत. या वेळी ती तुझ्या उशाशी ठेव.

भांडत राहा. आणि वेळेवर ये.

वाट पाहणारी, तुझी ताई

२४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोकी मिळाली. बहुतेक बाळांची पावलं टिकली आहेत. मुंगीची टिकली नाहीत. टाच पुन्हा वर चढली आहे, म्हणजे श्रीगणेशा करावा लागणार. मला वाटलं होतं आता मी पुन्हा तोंड फिरवीन. चर्चमध्ये जाऊन बसलो, पण राग येईना. एवढे दिवस त्या पावलांना धरून बसलेला मी एकटा नव्हतो, हे मला कळलं आहे, आणि आईच्या खाटेपाशीही आपण दोघंच नव्हतो. हे कसं कळलं ते विचारू नकोस, सांगता यायचं नाही. पाऊल बिघडलेलं असताना माणसाला इतका आनंद व्हावा, याची मला लाज वाटली आणि तरी तो होत राहिला. रविवारी ओढ्यात उतरून मी बाप्तिस्मा घेतला. पाणी असं गार होतं, की 'आमेन' म्हणताना दात वाजले.

आता जड गोष्ट. रस्ता उशिरा का होईना मोकळा झाला, तुकडी परत निघाली आहे, मी नाही. मुंगीची पावलं सरळ होईपर्यंत इथेच राहणार, आणि पुढेही आणखी बाळं आहेत. तिकडची जागा जाईल. तुला दिलेला शब्द मोडतो आहे आणि जीव तुटतो आहे. पोटात घाल.

तुझाच, कुठेही असलो तरी, धाकटा

३ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

देवाकडे दोन गोष्टी मागितल्या होत्या, त्यानं एक दिली आणि तिच्याच पायी दुसरी काढून घेतली. मी रागावले आहे. तुझ्यावर नाही, त्याच्यावर. या घरात त्याच्याशी भांडायची पाळी आता माझी.

तुझ्या साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, प्लास्टरवाले पुष्कळ मिळतील, पण त्याला म्हणावं, खोकी इथून मिळत राहतील. तुझे लोकरीचे कपडे आणि जाड चादर बांधून ठेवली आहे.

आज सकाळी तुझी खोली झाडली. हुंदका अनावर झाला म्हणून दार लावून घेतलं होतं. थोड्या वेळानं शेजारीणबाईंनी कडी वाजवली आणि विचारलं, की आज एवढ्या आनंदात कसल्या, मघापासून गाताय? मी गात होते, ते मला त्यांनी सांगितल्यावर कळलं.

तुझी ताई