आईबरोबर जेवायला

पेचोरी, ऑगस्ट

वास्सोदादा,

आधीच सांगते, मी ठणठणीत आहे. वहिनीचा खोकला थांबला का?

यंदा सणाला आईच्या कबरीवर तुम्ही दोघंच जेवा. मी अंडी उकडून, चीज घेऊन निघाले होते, पण सरहद्दीवरून परत पाठवलं. दोन देशांनी बोलणं टाकलंय; मी सरहद्दीच्या इकडे, आणि आपलं गाव पडलं नेमकं तिकडे, एस्टोनियात.

तुमच्या बाजूचा साहेब अगदी कोवळा होता. म्हणाला, "कशाला जायचंय, आजी?"

"आईबरोबर जेवायला." आपण सेतो लोक असंच म्हणतो ना!

त्याने शिक्का उचलला. "आजारी आईला भेटायला सोडतो आम्ही. कशी आहे तब्येत?"

आणि मी मूर्ख बोलून गेले, "आता काही दुखत नाही हो तिला. पुरून सहा वर्षं झाली."

सगळी खोली खो खो हसली. मागून एक जण ओरडला, "सोडा रे, म्हातारी उपाशी असेल मातीत!"

साहेबाने शिक्का खाली ठेवला. "मेलेलं माणूस नात्यात धरत नाहीत, आजी. सख्खं, जिवंत, आजारी असं कोणी आहे?"

"भाऊ आहे. पण धडधाकट आहे."

"मग त्याला आजारी पडायला सांगा. फक्त मरू देऊ नका."

दादा, तुझ्या छातीत मधूनमधून दुखतं ना? डॉक्टरकडून तसं लिहून घे. चांगला अंथरूण धरून पड. पण जपून रे. मेलास तर तुझ्या मातीलाही मला येऊ देणार नाहीत.

वहिनीला हे वाचून दाखवू नकोस.

तुझीच,
हेम्मो